"या वयात आता कसला आर्टिस्ट, मॅडम?"

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या आसपासच्या लोकांकडून एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला ते कळतं. "आवड आहे हो, पण आता या वयात काय." कुणाला गाणं शिकायचं असतं, कुणाला चित्रं काढायची असतात, कुणी काहीतरी विणत असतं आणि पाहुणे आले की दिवाणाखाली सारतं. परळच्या चाळीतल्या मावशी बोलतात तेच मुलुंडचे रिटायर्ड इंजिनियर बोलतात. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं, आणि त्यासाठी मोरेकाकांची केस सगळ्यात चांगली. नाव बदललंय, ओळख पटेल अशा काही गोष्टीही बदलल्यात, आणि त्यांना विचारूनच लिहितेय. ते म्हणाले, "लिहा, पण काम चांगलं आहे असं लिहू नका, ते बघणारे ठरवतील." हे वाक्य बोलणारा माणूस पहिल्या दिवशी माझ्यासमोर कसा बसला होता ते पुढे सांगते.

मोरेकाका स्वतःहून आले नव्हते, मुलाने आणलं. मुलगा आयटीत, ऑफिस ऐरोलीला, काळजीने पार कावलेला. त्याचं म्हणणं, बाबा रिटायर झाल्यापासून भंगार गोळा करतात. पावसाळा संपत आला की स्टेशनच्या बाहेर, पुलाखाली मोडक्या छत्र्या पडलेल्या असतात ना, त्या उचलून घरी आणतात. कुरियरच्या खोक्यांना बांधलेल्या पट्ट्या, जुन्या व्हिडिओ कॅसेटमधली टेप, टेलरकडच्या चिंध्या, दुधाच्या पिशव्या. शेजारची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा पाडकामातून एक अख्खी सागवानी खिडकीची चौकट आणली, ती गॅलरीत उभी आहे. "मॅडम, वन बीएचके आहे आमचं. मी नेटवर वाचलं की होर्डिंग नावाचा आजार असतो, बाबांना तसं काही आहे का?"

प्रश्न बरोबरच होता आणि मी तो हसण्यावारी नेला नाही. वस्तू साठवत राहण्याचा आजार खरंच असतो, आधी तो ओसीडीच्या, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येण्याच्या आजाराच्या, पोटातच धरला जायचा, २०१३ साली डीएसएम-५ ही मानसिक आजारांची नवी यादी आली त्यात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. पण त्यात माणसाला एकही वस्तू टाकवत नाही, टाकायचं म्हटलं तरी जीव कासावीस होतो, ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही आणि पलंगावर झोपता येत नाही इतकं घर भरतं, आणि त्या ढिगाचं पुढे काहीच होत नाही. म्हणून मी काकांनाच विचारलं, "या छत्र्यांचं पुढे काय करता?"

तोपर्यंत ते मान खाली घालून बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, हात मांडीवर, साहेबासमोर बसावं तसे. हा प्रश्न आला आणि हात सुटले. "काड्या भंगारवाल्याला देतो, त्या मला नको असतात. कापड उसवायचं, साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचं, दांडीवर वाळवायचं. मग पट्ट्या कापायच्या, दोन बोटं रुंद. पण छत्रीची पाकळी तिकोनी असते ना मॅडम, सरळ कापत गेलं की नुसते तुकडे पडतात, मग गाठी मारत बसा. म्हणून मी कडेकडेने कापत आत जातो, असं गोल गोल, एका पाकळीतून एकच लांब पट्टी निघते, गाठ नाही की काही नाही." आणि बोटाने टेबलावर ती पट्टी काढून दाखवली, बाहेरून आत, कोपऱ्यावर जरा वळण देऊन.

काड्या भंगारवाल्याला देणाऱ्या माणसाला होर्डिंगचा आजार नसतो, तो कच्चा माल आणत असतो. मी मुलाला सांगितलं, तू बाहेर बस, चहा घे.

काकांची माहिती थोडक्यात अशी. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे माग चालवायचे, गिरणीत मागाला साचाच म्हणायचे. घर लालबागला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, माणसं तशीच हळूहळू विखुरली. काका तेव्हा वीस वर्षांचे. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झालेली, इंटरमिजिएटला ए ग्रेड, ड्रॉइंगचे सर घरी येऊन सांगून गेलेले की याला जेजेला, म्हणजे मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात, घाला. कसलं जेजे, घरात पगार बंद. मिळेल ती नोकरी धरली, मग सरकारी ऑफिसात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच. हात मात्र स्वस्थ नव्हते, फायलींच्या नाड्या विणायचे म्हणे. आता त्या सागवानी चौकटीला वर-खाली खिळे मारलेत, खिळ्यांवरून सुती दोरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, घेतलाय आणि त्यातून छत्रीच्या पट्ट्या, टेप, साडीचे काठ आडवे विणत जातात. आधी नायलॉनची दोरी लावून बघितली होती, पण ती लवते आणि दोन दिवसांत ताणा सैल पडतो, हे ते स्वतःच शिकले.

"म्हणजे विणकाम चाललंय जोरात."

"टाइमपास हो मॅडम."

"टाइमपाससाठी पहाटे चारला उठता?" हे मला मुलाने सांगितलं होतं.

"या वयात आता कसला आर्टिस्ट, मॅडम? जेजेला गेलो असतो तर गोष्ट वेगळी. आता लोक हसतील. बायकांसारखं विणत बसलाय म्हणतील."

मी म्हटलं, तुमच्या वडिलांच्या खात्यात साच्यावर कोण होते? म्हणाले, "सगळे पुरुषच. पण ते पोटासाठी होतं." हे मी मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच पुरुषांच्या मनात हीच मेख असते, पोटासाठी केलं की ते काम आणि मनासाठी केलं की बायकी. पोराला शाळेत चित्रकलेचं बक्षीस मिळालं की पेढे वाटतात आणि तोच साठाव्या वर्षी ब्रश घेऊन बसला की घरचे म्हणतात जरा बँकेचं काम करून या.

इथे बहुतेक लोक, काही समुपदेशकसुद्धा, थोरामोठ्यांची उदाहरणं द्यायला लागतात. रवींद्रनाथांनी चित्रकला मनावर घेतली तेव्हा साठी उलटलेली होती आणि १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन झालं, वगैरे. खरं आहे, पण मी हे पहिल्या भेटीत कधीच सांगत नाही, कारण समोरचा लगेच म्हणतो, "ते रवींद्रनाथ होते हो." उदाहरणाने धीर येण्याऐवजी आणखी एक मोजपट्टी हातात येते आणि तिने माणूस स्वतःलाच मापायला लागतो. जो आधीच स्वतःला मार्क देत बसलाय त्याला आणखी एक परीक्षक कशाला आणून द्यायचा.

दुसरं, बऱ्याच जणांना वाटलं असतं की आता वडील, गिरणी, संप, सगळं उकरून काढायचं. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे आणि इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर तिच्यावरचा माझा विश्वास वाढतच गेलाय. संपाचं दुःख खरं होतं, ते मी नीट ऐकून घेतलं, त्यांचा गळा दाटला तेव्हा थांबले. पण माणूस आज जे करतो ते आज मनात चाललेल्या वाक्यांमुळे करतो. ती वाक्यं पकडायची. मोरेकाकांच्या बाबतीत ती पकडायला मला काकूंनी मदत केली.

काकूंना मीच बोलावलं. त्या तयारीने आल्या होत्या. झुरळं, गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नाही, दुधाच्या पिशव्यांचा वास, सगळं सांगून झालं. मी विचारलं, "त्यांचं विणकाम आवडतं का तुम्हाला?" तर गप्प झाल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "बघायला मिळालं तर आवडेल ना. पहाटे चारला उठतात, मी पडल्या पडल्या आवाज ऐकते. सहाला मी उठून गॅलरीत जाते तर सगळं उसवून ठेवलेलं असतं, नुसती दोरी. मी काय परकी आहे का? पसारा माझ्या वाट्याला आणि तयार झालेलं एकदाही बघायला नाही मिळालं."

मोरेकाका शेजारीच होते, जमिनीकडे बघत होते.

"काका, उसवता का?"

"चांगलं होत नाही."

"चांगलं म्हणजे कोणासारखं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "जेजेवाल्यांसारखं."

"पहाटे सहाला तुमच्या गॅलरीत जेजेचं कोण येतं तपासायला?"

काकूंना हसू आलं, काकांना नाही आलं. पण मला जे हवं होतं ते मिळालं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचा संप आज पहाटे चारला विणलेलं सहाला उसवायला लावत नाही. उसवायला लावत होतं ते आजचंच वाक्य, आणि ते अख्खं उलगडलं तर असं होतं: माझं काम चांगलं झालंच पाहिजे, तरच मी कलाकार, आणि मी कलाकार असलो तरच मला या घरात जागा अडवायचा, वेळ घालवायचा, पसारा करायचा हक्क. एकाला एक बांधलेल्या तीन अटी. पहिली अट रोज पहाटे नापास होत होती त्यामुळे पुढच्या दोन आपोआप गेल्या, मग उसवा, लपवा, आणि कुणी विचारलं तर टाइमपास म्हणा.

या सगळ्यात वयाचा काय संबंध आहे सांगा. माझ्याकडे डिझाइन कॉलेजातली बावीस वर्षांची मुलं येतात, ती रडत सांगतात की आता उशीर झाला, लोक सोळाव्या वर्षी फेमस होतात. अगदी हेच वाक्य, फक्त वय चाळीस वर्षांनी कमी. "उशीर झाला" हे म्हणायला सोयीचं असतं कारण त्यावर कुणी वाद घालू शकत नाही, गेलेली वर्षं परत आणता येत नाहीत. "मला नापास व्हायची भीती वाटते" असं म्हटलं की त्यावर काहीतरी करावं लागतं. माझ्या मते तरी साठीतल्या दहा जणांपैकी नऊ जणांचा अडथळा घड्याळात नसतो, या तीन अटींत असतो, आणि एकदा त्या कागदावर लिहून काढल्या की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं बोलून होत नाही, करून होतं. मी काकांना गृहपाठ दिला. एक पिशवी विणायची, मुद्दाम वाईट. रंग न जुळणारे, कड वेडीवाकडी, काही हरकत नाही. अट एकच, उसवायची नाही, पूर्ण करायची. आणि ती घेऊन सकाळच्या गर्दीत दादरच्या मार्केटला भाजी आणायला जायचं.

काका चिडले. पहिल्यांदा आवाज चढला. "थट्टा करता का मॅडम? वाईट करून लोकांना दाखवायचं?" मी शांतपणे सांगितलं की एलिस साहेब लोकांना केळ्याला दोरी बांधून ते कुत्र्यासारखं रस्त्यावरून फिरवायला सांगायचे, मी तर फक्त भाजी आणायला सांगतेय. लाज वाटेल असं काहीतरी निरुपद्रवी जाणूनबुजून करायचं आणि मग बघायचं, आभाळ कोसळतं का. ते काही न बोलता गेले. मला खात्री होती ते करतील, कारण चिडलेला माणूस विचार करत असतो, मान डोलावणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

पुढच्या भेटीला आले ते वेळेच्या आधी, हातात पिशवी. काळ्या छत्रीच्या पट्ट्या, मध्येच पॅकिंगच्या भगव्या पट्ट्या, आणि पिशवी मध्यभागी कमरेत आवळल्यासारखी आत गेलेली. बसायच्या आधीच बोलायला लागले. "मॅडम, कुणी बघितलंच नाही! मी फुलमार्केटवरून गेलो, पुलाखालून गेलो, गर्दी ही एवढी, कुणाला पडलेली नाही. भाजीवाली म्हणाली, काका पिशवी मजबूत दिसते, माठाच्या दोन जुड्या अजून मावतील. बस, एवढंच." मला वाटलं झालं, एवढं पुरे आजच्या पुरतं. पण खरी गोष्ट पुढेच होती.

परत येताना बसस्टॉपवर एक म्हातारेबुवा शेजारी उभे होते, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी न विचारता पिशवीची कड दोन बोटांत धरली, चोळून बघितली आणि म्हणाले, "कड आत ओढली गेलीय. बाणा फार खेचतोस तू." बाणा म्हणजे आडवा धागा. काका त्यांना म्हणाले, तुम्हाला कसं कळलं. तर आजोबा आधी सोलापूरला हातमागावर, मग इथे गिरणीत, सगळं आयुष्य कापडात गेलेलं. दोन बसेस सोडल्या दोघांनी. योगायोग म्हणाल, तर दादर-परळ पट्ट्यात असे जुने गिरणीवाले अजून पुष्कळ आहेत, फक्त पिशवी गॅलरीत राहिली असती तर ही भेट झाली नसती.

आणि मग काकांनी माझ्या टेबलावरचं पॅड ओढलं, माझंच पेन घेतलं आणि मला शिकवायला लागले. "हे बघा. आडवा धागा सरळ ताणून घातला की तो ताण्याच्या वर-खाली जाताना लांबी खातो, मग ती लांबी कुठून घेणार, कडेकडून. म्हणून कापड आत येतं. सरळ घालायचाच नाही. अशी कमान करून सोडायचा, आणि मग फणीने किंवा बोटांनी खाली दाबायचा, म्हणजे कमानीतला जास्तीचा धागा मधल्या मध्ये वापरला जातो. कड हलत नाही. मी दोन वर्षं हेच चुकत होतो, आणि मला वाटत होतं माझ्यात कलाच नाही!" कागदावर एक सरळ रेघ, खाली एक कमान, उभ्या दोऱ्यांसाठी बारीक रेघा. तो कागद मी ठेवलाय.

मी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "काका, एका अनोळखी माणसाने चार लोकांत तुमच्या तोंडावर सांगितलं की तुमचं काम चुकलंय. किती वाईट वाटलं?"

ते थांबले. पेन हातात तसंच. मला अजून तो चेहरा आठवतो, माणूस स्वतःच्याच आठवणीत काहीतरी शोधतोय आणि ते तिथे सापडत नाहीये.

"वाईट... वाटलंच नाही की हो. मी त्यांना विचारत बसलो, मग कसं करायचं."

"का नाही वाटलं?"

"ते कडेबद्दल बोलत होते ना."

माझ्या कामात असे क्षण फार येत नाहीत, आणि आले की मी घाईने पुढचं काही बोलत नाही. ज्या निकालाच्या भीतीने हा माणूस रोज पहाटे उसवत होता तो निकाल भर रस्त्यात लागला होता, नापासचाच लागला होता, आणि यांना तो लागलेला कळलाही नव्हता कारण ते नोट्स घेण्यात गुंतले होते. कड चुकली म्हणजे मोरे चुकला असं नाही, हे मी त्यांना शंभरदा समजावलं असतं तरी त्यांनी "हो मॅडम" म्हटलं असतं. पिशवी हातात धरल्यावर ते त्यांचं त्यांनाच दिसलं. मी फक्त प्रश्न योग्य वेळी विचारला, आणि योग्य वेळ ओळखणं हेच या कामातलं कसब आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

यानंतर मी उदाहरणं दिली, कारण आता ती मोजपट्टी म्हणून वापरली जाणार नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या रोझली गॅस्कॉइन. १९१७ चा जन्म, नवरा खगोलशास्त्रज्ञ, वेधशाळेच्या डोंगरावर संसार, मुलं मोठी केली, आधी फुलांची जपानी रचना शिकल्या आणि मग उकिरड्यावरून, रानातून टाकलेली लाकडी खोकी, गंजलेले पत्रे, रस्त्यावरच्या जुन्या पाट्या आणून त्यातून काम करायला लागल्या. पहिलं प्रदर्शन १९७४ मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी. १९८२ ला व्हेनिस बिएनालेला, म्हणजे इटलीतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाला, देशाच्या वतीने त्यांचं काम गेलं. १९८२ म्हटल्यावर काका नुसते "अच्छा" म्हणाले, मीही त्यावर काही बोलले नाही. नेकचंदही सांगितले, चंदीगडचे रोड इन्स्पेक्टर, फुटक्या बांगड्या आणि फुटलेल्या कपबश्यांतून जंगलात वर्षानुवर्षं लपूनछपून पुतळे उभे करत राहिले, १९७६ ला ते रॉक गार्डन लोकांना खुलं झालं. आणि आपल्या मुंबईच्याच मोनिका कोरिया, शिकल्या सूक्ष्मजीवशास्त्र आणि झाल्या विणकर, विणता विणता मध्येच मागाची फणी काढून टाकतात म्हणजे उभे धागे मोकळे होऊन हवे तसे वळतात. काकांना यातलं सगळ्यात काय आवडलं असेल तर फणी काढणं. तीनदा विचारलं, "मुद्दाम काढतात?" आणि जेजेत शिकलेले चित्रकार प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करायचे हे कळल्यावर म्हणाले, म्हणजे जेजे आणि माग एवढे काही लांब नाहीत.

घरातली वाटाघाट माझ्यासमोरच झाली, ती कुणाकुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. मुंबईच्या घरात कलेचा प्रश्न अर्धा जागेचा असतो आणि तो भावनेने सुटत नाही, फुटात मोजून सुटतो. ठरलं असं की गॅलरीचा खिडकीकडचा अर्धा भाग काकांचा, दुसऱ्या अर्ध्यातल्या दोऱ्या काकूंच्या. माल ठेवायला एकच क्रेट, भरला की नवीन आणायच्या आधी जुनं काढायचं. दुधाच्या पिशव्या उलट्या करून साबणाने धुऊन, पूर्ण वाळवूनच आत, ओलसर राहिल्या की झुरळं येणारच. पॅकिंगच्या पट्ट्यांच्या कडा बोटं कापतात म्हणून हातमोजे, आणि गंजक्या खिळ्यांशी खेळायचं तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवायचं. औषधांचा, दवाखान्याचा कचरा आणि तुटकी इलेक्ट्रॉनिक्स घरात अजिबात आणायची नाहीत, यावर काकूंच्या बाजूने मीही अडून बसले. आणि हॉलमध्ये एक खिळा. टीव्हीच्या बाजूच्या भिंतीवर एक खिळा काकांचा, त्यावर पूर्ण झालेलं काम लागेल, कसंही झालेलं असो, महिनाभर उतरवायचं नाही. खिळ्याची अट काकूंनी घातली, मी नाही. मला ती इतकी आवडली की आता मी ती इतरांनाही सांगते.

जे अजून "या वयात काय" पाशी अडकलेत त्यांना माझं सांगणं असं आहे. आधी क्लास लावू का, आधी चांगलं सामान घेऊ का, आधी यूट्यूबवर सगळं बघून घेऊ का, हे प्रश्न सगळेच विचारतात आणि ते बहुतेक वेळा सुरुवात पुढे ढकलायचे सभ्य मार्ग असतात. क्लास लावा, चांगलंच आहे, पण आधी एक वस्तू शेवटापर्यंत करा, वाईट करा पण संपवा. त्यासाठीच मला टाकाऊ सामान फार योग्य वाटतं. महागडा कॅनव्हास आणि इंपोर्टेड रंग समोर आले की हात आखडतो, बिघडलं तर पैसे गेले. मोडक्या छत्रीचं काय बिघडणार आहे. आपल्याकडे हे नवीनही नाही, आजीच्या गोधडीत कुणाचं धोतर, कुणाचं लुगडं असायचंच, आणि ऐंशीच्या दशकात घराघरात बायका वायरच्या पिशव्या विणत होत्या, त्यातल्या किती जणींचा हात कलाकाराचा होता ते कुणी बघितलंच नाही. स्वतःला कलाकार म्हणायचं की नाही हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय विणता येत नाही असं काही नाही. "मी कोण" यापेक्षा "कड का आत गेली" हा प्रश्न विचारा, त्याला उत्तर असतं आणि ते शिकता येतं.

हात दुखणं, नजर कमी होणं हे खरे अडथळे आहेत, ते नाकारू नका. सकाळच्या उजेडात बसा, चौकट भिंतीला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर घ्या म्हणजे मान वाकत नाही, अर्ध्या तासाने उठा. आणि ज्यांना उत्साहच वाटत नाही, झोप गेलीय, जेवण गेलंय, आवडीचं काहीच आवडेनासं झालंय, त्यांनी विणकाम हा उपाय समजू नये, आधी डॉक्टरांना दाखवा, डिप्रेशनवर इलाज होतो.

घरच्यांनाही एक सांगायचंय. "वा, किती छान" असं तोंडदेखलं म्हणू नका, या वयाच्या माणसाला खोटं कौतुक लगेच कळतं आणि ते लागतं. "काय हा पसारा" तर नकोच. दोन मिनिटं जवळ बसून विचारा, हे कसं केलंत. मोरेकाकांच्या मुलाला मी एवढंच करायला सांगितलं होतं. तो आता ऑफिसातून येताना कुरियरच्या पट्ट्या घेऊन येतो, तेही रंग बघून.

मागच्या गणपतीत घरच्या मखरामागचा पडदा काकांनी विणला. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, मग दरवर्षी काय करायचं हा प्रश्न असतोच. बाप्पामागे काळं नको म्हणून रंगीत छत्र्या शोधत हिंडले, त्यात साड्यांचे काठ घातले. दर्शनाला आलेल्या एका नातेवाइकांनी विचारलं कुठून आणलं, तर काका म्हणाले "मी विणलंय", आणि मग स्वतःहून डाव्या बाजूची एक चूक दाखवली. काकूंनी मला फोन करून हे सांगितलं. बोहारणीला जुन्या साड्या देणं त्यांनी बंद केलंय, भांडी पुष्कळ झाली म्हणतात. फक्त लग्नातल्या शालूला कात्री लावायची की नाही यावर दोघांचं अजून जमलेलं नाही, आणि त्यात मी पडणार नाही असं मी दोघांनाही सांगितलंय.